जुने पितळी पातेले मोडीत घालावे का?

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक जाड पितळी पातेले घेतले. आतली कल्हई (कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर) उडाली आहे. घरचे म्हणतात, हे मोडीत घालून नॉनस्टिक आणा. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पातेले मुळीच मोडीत घालू नका. नॉनस्टिकचा थर एकदा खरवडला गेला की घरी तो दुरुस्त करता येत नाही आणि भांडे टाकावेच लागते. पितळी भांड्याची कल्हई मात्र झिजली तरी पुन्हा करता येते. आधी पातेले उजेडाकडे धरून बुडाला भेग किंवा जुना डाख (भोक बुजवायला वितळवून लावलेला धातू) नाही ना, ते पाहा, कारण डाखात शिसे असू शकते. कल्हई होईपर्यंत त्यात आमटी, ताक, चिंचेचे सार असे आंबट काही ठेवू नका. आंबटाने तांबे-जस्त अन्नात उतरते. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराची पूड टाकतो, तिने धातूवरचा मळ निघतो, आणि 232 अंश सेल्सियसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून पसरवले जाते. हे काम शिकण्याजोगे आहे (आमच्या लहानपणी तर त्याच्या भात्याभोवती मुलांचा घोळका असे), परंतु नवसागराचा धूर घशाला झोंबतो, म्हणून ते उघड्यावरच करावे. कथील शुद्ध असल्याची खात्री करून घ्या. नंतर पातेले रिकामे तापवू नका आणि तारेच्या घासणीऐवजी नारळाची शेंडी वापरा.