घरात काही कमी नाही, तरी मुलगा वस्तू का उचलतो?

"मॅडम, घरात कशाचीही कमतरता नाही, मग हा असं का करतो?" हा प्रश्न मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकला आहे की पालकांनी खुर्ची पुढे ओढली की तो येणार हे मला कळते. कुणाचा मुलगा कपाटातले पैसे काढतो, कुणाची मुलगी कामवालीवर हात उगारते. त्यांतली एक हकिकत सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आठ महिन्यांच्या भेटी मोजक्या प्रसंगांत आणल्या आहेत.

मुलगा नववीतला. पश्चिम महाराष्ट्रातले ऊस, द्राक्षबागा आणि शेतीऔषधांची एजन्सी असलेले घर. एकाच बंगल्यात दोन भावांचे दोन मजले, दोन स्वयंपाकघरे आणि तीन वर्षांचा अबोला. निरोप ड्रायव्हर नेत असे आणि तो नसला की हा मुलगा. शाळेत त्याच्या दप्तरात दुसऱ्यांचे कंपास, पाण्याची बाटली आणि डब्याचे झाकण सापडले. वडिलांनी त्याच संध्याकाळी सगळ्या वर्गासाठी नवे कंपास पाठवले आणि प्रकरण मिटले असे मानले. महिन्याभरात ते पुन्हा उभे राहिले.

"मागेल ते मिळतं त्याला," वडील पहिल्या भेटीत म्हणाले.

"आणि न मागता काय मिळतं?" मी विचारले. ते मोबाइल उलटसुलट करत राहिले. असे प्रश्न मी जपून विचारते, पण विचारते.

माझी जडणघडण डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाच्या विचारांवर झालेली आहे. चोरी करणारे मूल त्या वस्तूच्या मागे नसते, ज्या आईवर आपला हक्क आहे तिला ते शोधत असते आणि म्हणूनच त्या कृत्यात आशा दडलेली असते, असे त्यांनी 1956 मध्ये मांडले. त्याला धरून मी आईवडिलांना रात्रीचे जेवण मुलासोबत घ्यायला सांगितले. मुलगा थोडा बोलू लागला, आणि तरीही एका मित्राचे घड्याळ त्याच्या खिशात आले. माझा अंदाज अर्धाच बरोबर होता.

पुढच्या भेटीत उचललेल्या वस्तूंविषयी एकेक करून बोलताना आम्ही त्या झाकणापाशी आलो.

"त्यावर त्याच्या आजीचं नाव कोरलेलं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे कुणाचं आहे ते तुला वाचता येत होतं."

"हो. आमच्याकडेपण आत्याच्या नावाची भांडी आहेत. ती आता येत नाही. सह्या केल्या त्या दिवशी खूप रडली. पप्पा म्हणाले, सगळं कायद्याने झालंय." मग बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "मॅडम, कागदावर सही घेतली की ती चोरी नसते ना?"

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत चालते. तो कागद कायद्याला धरून होता की नव्हता, या वादात मला पडायचे नव्हते. माझ्या लक्षात आले ते एवढेच की या मुलाला पालकांचा सहवास जितका हवा होता, तितकेच या प्रश्नाचे उत्तरही हवे होते, आणि ते मिळेपर्यंत तो प्रश्न वर्गात पुन्हा पुन्हा मांडून पाहत होता. मी त्याला नुसते "तुझा प्रश्न बरोबर आहे" एवढेच म्हटले. तो त्या दिवशी प्रथमच रडला.

मुलाच्या संमतीने मी हे वडिलांना सांगितले. आधी ते संतापले. घरच्या व्यवहारात मी बोलू नये, असे त्यांनी बजावले. नंतर हळू आवाजात विचारले, "तो होता तिथे?"

"जिन्यात बसला होता."

अशा पालकांना मी सांगते की भरपाईचा चेक किंवा भेटवस्तू पाठवू नका, मुलाला सोबत घेऊन ज्याची वस्तू त्याच्या दारी जा आणि चारचौघांत "का चोरलंस?" असे विचारू नका. भावाभावांतला अबोला मुलांच्या खांद्यावरून वाहू देऊ नका. भांडण लपवता येत नसेल, तर "आमचं पटत नाही, आणि त्यात तुझा दोष नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा. संस्कार शिबिरांना माझा विरोध नाही, पण तेथे पाठ केलेले श्लोक आणि जिन्यातून ऐकलेला व्यवहार यांत मूल त्या व्यवहारावर विश्वास ठेवते, असा माझा अनुभव आहे. श्रीमंत घराची खरी अडचण हीच की तेथे चूक पैशाने झाकता येते आणि म्हणून ती निस्तरताना मोठ्या माणसांना मुलांनी कधी पाहिलेलेच नसते.

घड्याळ परत करायला वडील स्वतः मुलासोबत त्या मित्राच्या घरी गेले. त्यानंतर शाळेची तक्रार आलेली नाही. भाऊबीजेला ते मुलाला घेऊन तीन वर्षांनी बहिणीच्या दारी गेले. मिळकतीचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

"आत्याने चहा दिला," मुलाने पुढच्या भेटीत सांगितले. "पप्पांना ओवाळलं नाही. पण परत ये म्हणाली, मला."