अंदमानला सुट्टीत पक्षी बघायचेत, कोणतं फील्ड गाईड घेऊ? की अ‍ॅप पुरेल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात घरच्यांबरोबर अंदमानला चाललोय, येऊरचं जंगल आणि ऐरोलीची खाडी बऱ्यापैकी फिरून झालीये, घरात सलीम अलींचं पुस्तक आहे, नवीन काही घ्यायची गरज आहे का, की हल्ली सगळे म्हणतात तसं अ‍ॅपवर भागेल. ते ‘सगळे म्हणतात’ वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी ठाण्याचीच, पाचपाखाडीतली.

पुस्तक घ्या. रंगवलेल्या चित्रांचं घ्या, फोटोंचं नको. आणि आत्ताच घ्या. विमानात बसल्यावर पहिल्यांदा उघडणार असाल तर पैसे वाया घालवू नका.

सलीम अलींच्या पुस्तकावर आपण सगळेच वाढलो. 1941 साली ते पहिल्यांदा आलं आणि आजही नवशिक्याच्या हातात मी तेच देते. पण त्यात देशभरातले निवडक पक्षी आहेत. अंदमानात तुम्ही जे बघायला जाताय ते नेमके त्या निवडीबाहेरचे. त्या बेटांवर आणि निकोबारवर वीसेक पक्षी असे आहेत जे जगात दुसरीकडे नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्वी मुख्य भूमीवरच्या पक्ष्यांच्या उपजाती समजायचे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्यांना फार तर एखादी ओळ मिळायची. 2005 साली रासमुसेन आणि अँडरटन यांचं ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ आलं, त्यांनी अशा कितीतरी उपजाती स्वतंत्र जाती म्हणून मांडल्या, आणि पुढच्या पुस्तकांनी त्यातलं बरंच स्वीकारलं. म्हणून पुस्तक घेताना आवृत्तीचं साल आधी बघा. ग्रिमेट आणि इन्स्किप मंडळींचं भारतीय उपखंडाचं पुस्तक घेणार असाल तर 2011 ची दुसरी आवृत्ती घ्या, माझ्याकडे तीच आहे. त्याचं खिशात मावणारं छोटं रूप जुन्या दुकानांत स्वस्तात मिळतं, पण ते 1999 चं आहे, म्हणजे नावं आणि जातींची मांडणी सगळी जुनी. रासमुसेनबाईंचे दोन खंड उत्तम आहेत, पण दुसरा खंड मोजमापं आणि आवाजांच्या आलेखांचा आहे, तो सुट्टीत न्यायचा नसतो. काझ्मिएर्चाक यांचं 2000 सालचं पुस्तक मला मांडणीसाठी फार आवडतं, चित्राच्या समोरच्याच पानावर मजकूर आणि नकाशा, पानं उलटावी लागत नाहीत. पण तेही जातींच्या बाबतीत मागे पडलंय.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की भारद्वाजाचं पान उघडा. अंदमानच्या भारद्वाजाचं वेगळं, रंगीत चित्र तिथे असेल तर पुढे शामा आणि सर्पगरुडाची पानं बघा. तिन्हीकडे अंदमानचा पक्षी स्वतंत्र काढलेला असेल तर डोळे मिटून पुस्तक विकत घ्या. नसेल तर ठेवून द्या, दुकानदार कितीही सूट देवो.

भारद्वाजच का, तर माझ्या घरात त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा सगळं कुटुंबच होतं, सासूबाई, धाकटे दीर, जाऊ, पुतणी. दिरांना फोटोग्राफीचा नाद. मोठी लेन्स, तिची वेगळी बॅग, ट्रायपॉड. सामानाचं वजन करायची वेळ आली तेव्हा माझं पुस्तक बाहेर काढायला सांगितलं गेलं. “वहिनी, हे ओझं कशाला? मोबाईलमध्ये सगळं आहे.” लेन्स मात्र कुणी बाहेर काढायला सांगितली नाही. मी पुस्तक माझ्या पर्समध्ये घातलं आणि प्रवासभर खांद्यावर वागवलं.

त्या पुस्तकात तेराशेच्या वर पक्षी आहेत. अंदमानात सुट्टीवर गेलेल्या माणसाला त्यातले पन्नासएक लागतात. निघायच्या आधी रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी ते घेऊन बसायचे. अंदमानचा उल्लेख असलेल्या प्रत्येक पानाला वरून पिवळी चिकटपट्टी लावली, पट्टीवर पेन्सिलीने पक्ष्याचं नाव लिहिलं, आणि आपल्याकडच्या पक्ष्यापेक्षा काय वेगळं ते दोन-तीन शब्दांत. शामा: पोट पांढरं. सुतार: पूर्ण काळा, तुरा लाल. भारद्वाज: डोकं काळं नाही. एवढंच. पुतणी तेव्हा आठवीत होती, तीही माझ्याबरोबर बसायची. पट्ट्या तिच्याच अक्षरात आहेत अर्ध्या.

चिडिया टापूला आम्ही दुपारी गेलो. पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला आहे ते (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतात). लोक तिथे सूर्यास्त बघायला जातात. घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाच वाजले की सूर्य गेला. पक्ष्यांसाठी तुमच्याकडे संध्याकाळ जवळजवळ नसतेच, हे ध्यानात ठेवा आणि पहाटे उठा.

रस्त्याच्या कडेला झुडपात काहीतरी हललं आणि एक भारद्वाज सरळ उघड्यावर येऊन बसला. पंख आपल्या भारद्वाजासारखेच विटकरी. पण डोकं, मान, छाती, पोट सगळं मातकट, फिकट, पावसात धुतलेल्या गोणपाटासारखं. शेपूट गडद. येऊरला पाटोणापाड्याच्या वाटेवर जो दिसतो त्याचं काळं चकचकीत डोकं आणि लालबुंद डोळा आठवा, म्हणजे फरक लगेच समजेल.

भाऊजींनी धडाधड फोटो काढले आणि म्हणाले, “पिल्लू आहे हो, अजून रंग यायचाय.”

मी म्हटलं, पिल्लू नाही, हा इथलाच वेगळा भारद्वाज आहे. आपल्या भारद्वाजाच्या पिल्लाच्या अंगावर आडवे पट्टे असतात, याच्या अंगावर एक तरी पट्टा दाखवा. पुतणीने तोवर पान काढलं होतं. एकाच पानावर आपला मोठा, त्याचं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू आणि खाली अंदमानचा. नकाशातही आपला भारद्वाज अंदमानात दाखवलेलाच नाही. पक्षी समोर बसलेला, पुस्तक उघडं, शंकेला जागाच नव्हती. भाऊजींनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. फोटो मोबाईलवर घ्यायचा, मग अ‍ॅपला दाखवायचा म्हणून रस्त्याच्या कडेला खाली मान घालून बसले. रेंज येत होती, जात होती. आणि तेवढ्यात वरच्या वाळक्या खोडावर अंदमानचा काळा सुतार आला, ठोके देत वर चढला, लाल तुरा उजेडात पेटल्यासारखा दिसला. मी आणि पुतणी, दोघींनीच पाहिला. हाक मारली तोवर उडाला.

रात्री त्यांनी भारद्वाजाचा फोटो फेसबुकवर टाकला, खाली इंग्रजीत ‘ग्रेटर कुकल, ज्युवेनाईल’, म्हणजे आपल्या भारद्वाजाचं पिल्लू. वाहवा भरपूर झाली. मी तिथेच लिहिणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, चारचौघांत कशाला. मी थांबले. तेव्हापासून दर गणपतीत विषय निघतो आणि भाऊजींचं एकच म्हणणं असतं, “नाव काय, नंतरही कळतं. आधी फोटो महत्त्वाचा.”

मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. नाव नंतर कळून काय उपयोग? पक्षी समोर असताना तो कोण हे कळलं की नजर पुढे जाते. पट्टे आहेत का, शेपटीचा रंग कुठे बदलतो, जमिनीवर उतरतो की फांदीवरच फिरतो, जोडीदार कुठे आहे. पुस्तकाने मला आधीच सांगितलेलं असतं की काय बघायचं, म्हणून मी ते बघते. फोटोत फक्त कॅमेऱ्याने जे टिपलं तेवढंच राहतं. फोटोंच्या गाईडला माझा विरोध आहे तोही याच कारणाने. फोटोत एक पक्षी, एका उजेडात, एका कोनात. चित्रकार मात्र नर, मादी, पिल्लू आणि शेजारच्या जाती एकाच पवित्र्यात शेजारी शेजारी काढतो आणि जिथे फरक आहे तिथेच तुमचा डोळा नेतो.

आता तुमच्या अ‍ॅपबद्दल. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही. पक्षी ओळखायचं मर्लिन माझ्याही मोबाईलवर आहे. 2020 साली चेन्नईहून समुद्राखालची केबल पोचल्यापासून तिकडचं इंटरनेट सुधारलंय, तरी जंगलाच्या बाजूला भरवसा धरू नका. त्या भागाचा पॅक ठाण्यातूनच उतरवून घ्या, मग नेट नसलं तरी चालतं. आवाजांसाठी अ‍ॅपच बरं. अंदमानची घुबडं तर रात्री आवाजावरूनच ओळखायची, तिथे चित्र कामाचं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर चिडिया टापू आणि माउंट हॅरिएटच्या (आता माउंट मणिपूर) डिसेंबरच्या याद्या बघा आणि त्यावरून पुस्तकात खुणा करा. म्हणजे दोन्ही लागतं, पण खुणा पुस्तकातच.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी फार तयारी करू नका. सिप्पीघाटला 2004 च्या भूकंपात जमीन खचून शेतांत खारं पाणी शिरलं, तिथे आता पाणथळ आहे. तिथले तुतार आणि चिखले बरेचसे तेच, जे आपण ऐरोलीला बघतो. साळुंकी दिसेल, ती माणसांनी नेलेली. रॉस बेटावरचा (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मोरही तसाच, बाहेरून आणून सोडलेला. मुलांना हे सांगा, नाहीतर यादीत पहिला तोच येतो. नारकोंडमचा धनेश पुस्तकात बघून मोहात पडू नका. तो फक्त त्या एका बेटावर असतो, बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, आणि सुट्टीच्या सहलीत तिथे जाता येत नाही. निकोबारचंही तेच.

आणखी एक. बेत बदलून श्रीलंकेला किंवा मालदीवला गेलात तरी उपखंडाचं हेच पुस्तक चालेल. मॉरिशस किंवा बाली ठरलं तर मात्र हे घरी ठेवा, तिथलं वेगळं घ्या. मराठीत हवं असं तुम्ही लिहिलंय, पण मराठी पुस्तकं बहुतेक महाराष्ट्रातल्या पक्ष्यांची आहेत, आणि तिकडचा गाईडही इंग्रजी नावंच सांगणार. तेव्हा इंग्रजी नावं पाठ करून जा.

भाऊजी, हे तुम्हीही वाचाल, पुतणी दाखवेलच. सासूबाईंचा शब्द मी आजवर पाळला, म्हणून त्या फोटोखाली काही लिहिलं नाही. पण तो फोटो अजून त्याच नावाने तिथे आहे, आणि अंदमानला निघालेला एखादा माणूस तो बघून जाणार आहे. नाव बदला.