तक्त्यावर 6/9, पडद्यावर 6/6 : नजर कोणती खरी धरावी?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा भिंतीवरच्या छापील तक्त्यावर तपासला, तेव्हा नजर 6/9 नोंदवली गेली, थोड्याच दिवसांनी दुसरीकडे संगणकाच्या पडद्यावर अक्षरे दाखवून तपासली असता ती 6/6 आली. तेथेच हनुवटी टेकवून तपासणाऱ्या यंत्राने छापलेल्या चिठ्ठीवरचे आकडे तर आणखी निराळे आहेत. संगणकीय तपासणी अधिक अचूक समजावी काय?

उत्तर : प्रथम ती चिठ्ठी वेगळी ठेवावी. ते यंत्र, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, डोळ्यात प्रकाशकिरण सोडून चष्म्याच्या नंबरचा अंदाज देते. मुलीला किती बारीक दिसते, हे ते सांगत नाही. शिवाय लहान मुलांचा डोळा तपासणीच्या वेळी जवळचे पाहिल्यासारखा ताणला जातो आणि उणे नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. मुलांचा नंबर काढताना हा ताण सैल करणारे थेंब घालतात, ते यासाठीच.

आता नजरेविषयी. 6/9 म्हणजे निरोगी डोळ्याला 9 मीटरवरून वाचता येणारे अक्षर वाचण्यासाठी 6 मीटरवर यावे लागणे. नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये बसवलेल्या या पद्धतीत 6/6 च्या ओळीतील अक्षर डोळ्याशी 5 मिनिटांचा कोन (एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) करते, म्हणजे 6 मीटर अंतरासाठी त्याची उंची सुमारे 8.7 मिलिमीटर असते. अक्षर कागदावर असो वा पडद्यावर, हे गणित तेच राहते. त्यामुळे केवळ संगणक वापरला म्हणून अचूकता वाढत नाही.

स्नेलेनच्या तक्त्यात दोष आहेतच. वरच्या ओळीत एकच अक्षर आणि खालच्या ओळींत अनेक, तसेच एका ओळीतून दुसरीत जाताना आकार सारख्या प्रमाणात घटत नाही. हे दोष 1976 मध्ये दृष्टितपासणीतज्ज्ञ बेली आणि लव्ही यांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरे व आकारात समान प्रमाण ठेवून दूर केले, आणि तेही छापील तक्त्यावरच, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छापील तक्त्याची खरी अडचण पाठांतराची आहे : एका डोळ्याने वाचलेल्या ओळी दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मुलांना तोंडपाठ असतात. पडद्यावर अक्षरे दर वेळी बदलता येतात, आणि मुलांच्या तपासणीत हा मोठाच लाभ आहे.

मात्र पडद्यावरचे अक्षर योग्य आकाराचे दिसावे यासाठी खोलीचे अंतर संगणकात नीट भरावे लागते आणि अक्षराची उंची पट्टीने मोजून पडताळावी लागते. पडदा बदलला आणि मांडणी जुनीच राहिली, तर प्रत्येक नोंद चुकते. त्याहून काळजीचा मुद्दा असा की, काही ठिकाणी पडद्यावर एका वेळी एकच सुटे अक्षर दाखवतात. आळशी डोळ्याला, म्हणजे ज्याची नजर लहानपणी पुरेशी विकसित झालेली नाही अशा डोळ्याला, सुटे अक्षर ओळखता येते. पण तेच अक्षर शेजारच्या अक्षरांच्या गर्दीत आले की चुकते. आपल्या मुलीच्या बाबतीत असेच झाले असेल, तर 6/6 ही नोंद दिलासा देणारी नसून फसवी ठरेल. अक्षर सुटे दाखवले होते की पूर्ण ओळ, हे तेथे अवश्य विचारावे.

अर्थात एका ओळीचा फरक त्याच तक्त्यावर, त्याच डोळ्यात, दोन निरनिराळ्या दिवशीही आढळतो. म्हणून पुढील तपासणी एकाच पद्धतीने, पूर्ण ओळ दाखवून करून घ्यावी आणि चष्मा होता की नव्हता, याची नोंद ठेवावी. डाव्या डोळ्याची नजर आपण कळवलेली नाही. ती उजव्यापेक्षा स्पष्टपणे चांगली असेल, तर नेत्रतज्ज्ञांना लवकर दाखवावे, कारण आळशी डोळ्यावरील उपचारांचा गुण लहान वयात अधिक येतो. दरम्यान, घरी मोबाइलवरील अक्षरे वाचायला लावून निष्कर्ष काढू नये. 40 सेंटिमीटरवर 6/6 चे अक्षर जेमतेम 0.6 मिलिमीटरचे असते, आणि मूल नकळत 30 सेंटिमीटरपर्यंत पुढे झुकले, तरी नजर प्रत्यक्षापेक्षा एका ओळीहून अधिक चांगली भासते.