कार्पोव्ह पटाचा की पक्षाचा?

प्रश्न : आमच्या शहापूरच्या कट्ट्यावर वाद पेटलाय. मामा म्हणतात, सोव्हिएत बुद्धिबळपटू कार्पोव्ह सरकारी विजेता. तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळलाच नाही, म्हणून 1975 मध्ये जगज्जेतेपदाची गादी मिळाली. खरं काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : मामांना निम्मे गुण. सोव्हिएत सरकारचं पाठबळ होतंच. 1981 मध्ये इटलीतल्या मेरानोत जगज्जेतेपदासाठी देश सोडून गेलेला कोर्चनॉय समोर बसला, तेव्हा त्याचा मुलगा सोव्हिएत कैदेत होता. त्या विजयाचं कौतुक मी बेतानंच करतो. 1985 मध्ये आव्हानवीर कास्पारोव्हविरुद्धचा जगज्जेतेपदाचा सामना 48 डावांनंतर थांबवला. कार्पोव्ह जिंकलेल्या डावांत 5-3 नं पुढं (बाकीचे बरोबरीत), पण शेवटचे दोन्ही डाव हरलेला. त्यावर खुशाल भांडा.

पण स्पेनमधली लिनारेस 1994 स्पर्धा? सोव्हिएत संघ 1991 मध्येच संपलेला. तरी हा गडी 13 पैकी 11 गुण घेतो, एकही डाव न हरता. कास्पारोव्ह अडीच गुणांनी मागं! तिथला टोपालोव्हविरुद्धचा, हत्तीचा बळी दिलेला डाव मामांपुढं मांडाच.