चार हजार गिऱ्हाइकं आणि एक बीसीसी

प्रश्न: मी साताऱ्यात गच्चीवरच्या बागेचं सामान विकते. बियाणं, कोकोपीट, ग्रो बॅग, गांडूळखत असं सगळं. सुरुवात ओळखीपाळखीतून झाली, आता वेबसाइट आहे आणि ऑर्डरी पुण्या-मुंबईहूनच जास्त येतात. ईमेलची यादी 4,200 वर गेलीये. आत्तापर्यंत फुकटच्या मेलवरून शंभर-शंभरचे गठ्ठे करून बीसीसीत (म्हणजे कोणाला बाकीच्यांचे पत्ते दिसत नाहीत त्या रकान्यात) टाकून पाठवायचे, पण मे महिन्यात पावसाळी बियाण्याचं पत्र टाकताना पाठवणंच दिवसभर बंद पडलं, ऐन हंगामात. आता गठ्ठ्याने ईमेल पाठवणारी एखादी सेवा घ्यायचीये. भाचा म्हणतो मेलचिंप घे, वेबसाइट बघणारा मुलगा म्हणतो ब्रेवो, आमचे सीए म्हणतात झोहो घ्या म्हणजे बिल नीट येतं. तिघंही छातीठोक सांगतात. काय घेऊ?

उत्तर: तिघांचंही बरोबर आहे हो, पण तिघांनी तुम्हाला एक गोष्ट विचारलेलीच नाही, की तुम्ही महिन्याला पत्रं किती पाठवता. सगळं तिथेच ठरतं. मेलचिंप पैसे घेतं मुख्यतः यादीत माणसं किती यावर आणि ब्रेवो (2023 पर्यंत याचंच नाव सेंडिनब्लू होतं) घेतं पत्रं किती गेली यावर. तुमचा धंदा हंगामी, मे-जूनमध्ये चार पत्रं जातील, दिवाळीनंतर थंडीच्या भाज्यांची दोन आणि मधे दोन-दोन महिने काहीच नाही. मग रिकाम्या महिन्यातही 4,200 डोक्यांचं भाडं कशाला भरायचं? तुमच्या जागी मी असते तर पत्रांवर मोजणारं घेतलं असतं. उद्या दर आठवड्याला पत्र लिहायला लागलात तर हिशोब उलटेल, तेव्हा परत मांडा.

फुकट प्लॅन बघून मात्र काही ठरवू नका. ब्रेवोच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला 300 पत्रं जातात, म्हणजे तुमची यादी संपायला 14 दिवस, पहिल्या गिऱ्हाइकाची मेथी वीतभर वर आली तरी शेवटच्याला बियाण्याचं पत्र पोचलेलं नसेल. मेलचिंपची फुकट योजना एके काळी 2,000 जणांची होती, ती पुढे खूपच आक्रसली.

आणि माणसांवर मोजणारं घेतलंत तर ‘माणूस’ म्हणजे कोण ते आधी वाचा. काही ठिकाणी अनसबस्क्राइब करून गेलेलेही मोजतात. मी स्वतः एका ठिकाणी वर्षभर अशा सहाशे लोकांचे पैसे भरलेत ज्यांना मी पत्र पाठवूच शकत नव्हते, कारण त्यांना नुसतं ‘अर्काइव्ह’ करायचं (म्हणजे चालू यादीतून बाजूला काढून ठेवायचं) असतं हे मला कोणी सांगितलंच नाही 🙂

सीएंचं म्हणणंही हसण्यावारी नेऊ नका. झोहो चेन्नईची कंपनी, रुपयात बिल, त्यावर जीएसटी नंबर. परदेशी कंपनी घेतली तर डॉलरचा भाव, कार्डाचा वरचा चार्ज, जीएसटीचं रिव्हर्स चार्जचं (म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच कर भरायचं) लफडं, आणि 2021 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर दर महिन्याचे पैसे आपोआप कापले जाणं अधूनमधून अडतं. ऐन मे महिन्यात अडलं की झालं.

आता मेमध्ये काय झालं ते. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला 500 पत्ते, बस, बाकीच्यांच्या मर्यादाही अशाच, त्यामुळे गठ्ठे शंभरचे करा नाहीतर पन्नासचे, बेरीज तीच होते. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने गठ्ठ्याने पत्रं पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी आवळलेत, त्यामुळे यातला कुठलाही प्लॅटफॉर्म घ्यायच्या आधी स्वतःच्या डोमेनचा (म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाचा) ईमेल पत्ता करा, नावापुढे जीमेल लावून प्लॅटफॉर्मवरून पाठवलेलं पत्र बहुतेक स्पॅममध्येच जाईल. मग वेबसाइटवाल्या मुलाला म्हणा एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लाव. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणकोण पत्र टाकू शकतं त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर, आणि डीमार्क म्हणजे मोहर जुळली नाही तर पत्राचं काय करायचं त्याची सूचना. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तो ‘करतो करतो’ म्हणेल, मागे लागा.

यादीत प्रदर्शनातल्या वहीतले पत्ते आहेत का? असतील तर आधी वेगळे काढा. ‘स्पॅम’ दाबणाऱ्यांचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली ठेवा असं गूगल सांगतं, म्हणजे हजारात तिघं, आणि लकी ड्रॉसाठी ईमेल लिहून गेलेल्या लोकांतून तिघं काय, तीस निघतील.

शेवटचं, घ्यायच्या आधी करून बघायचं. पन्नास ओळखीची माणसं टाका आणि एक ऑटोमेशन लावा: टोमॅटोचं बियाणं घेतलं की 25 दिवसांनी ‘रोपं आता मोठ्या कुंडीत हलवा’ असं पत्र आपोआप. त्यासाठी कोणी काय घेतलं ही माहिती तुमच्या वेबसाइटवरून प्लॅटफॉर्मवर आली पाहिजे, नुसता पत्ता येऊन उपयोग नाही. हे जिथे भाच्याला न बोलावता तुमचं तुम्हाला जमेल तिथे रहा. त्याच दिवशी यादी एक्सपोर्ट करूनही बघा, सगळे रकाने परत मिळाले तर उद्या सोडून जाता येईल.

प्रश्न: आमच्या नाट्यसंस्थेची पत्रं मराठीत असतात. मराठी विषयओळीमुळे पत्र स्पॅममध्ये जातं का? — नांदेडहून एक वाचक

उत्तर: मराठीमुळे नाही जात. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असलं की पुरे. जुन्या श्रीलिपी फाँटातला मजकूर तसाच चिकटवलात तर मात्र समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. दुसरं म्हणजे डिझायनरकडून आलेलं पोस्टर हेच अख्खं पत्र म्हणून पाठवू नका, ज्यांच्याकडे फोटो आपोआप उघडत नाहीत त्यांना नुसता कोरा चौकोन दिसतो. पोस्टर वर असू दे, पण प्रयोगाची तारीख, वेळ आणि नाट्यगृह त्याखाली टाइप करून टाका.