चालत्या मोटारसायकलीच्या मागून येणारा ‘कट-कट’ आवाज कशाचा, हे कसे ओळखावे?

खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करताना आपल्या 100 सीसीच्या गाडीच्या मागच्या बाजूने ‘कट-कट’ असा आवाज येतो, मागे कोणी बसले की तो वाढतो, जागेवर रेस दिली तर मुळीच येत नाही आणि दोन मेकॅनिकनी गाडी मेन स्टँडवर घेऊन ‘काही नाही’ असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. त्या दोघांना दोष देऊ नये असे मला वाटते, कारण आपण सांगता तसा आवाज स्टँडवर बहुधा होतच नाही.

प्रथम इंजिनाचा संशय दूर करावा. पिरनवाडी-मच्छेच्या पुढे रस्ता मोकळा मिळेल तेथे 40 च्या वेगात क्लच दाबून गाडी तशीच वाहू द्यावी. इंजिन संथ झाल्यावरही आवाज वेगाच्याच ठेक्यात येत राहिला, तर तो चाक, ब्रेक किंवा चेन यांपैकी एकाचा आहे. चालत्या गाडीची चावी मात्र कधीही बंद करू नये, हँडल लॉक होण्याचा धोका असतो.

यानंतर आवाजाचा ठेका मोजावा, आणि माझ्या मते सारे निदान येथेच आहे. 18 इंची रिमच्या गाडीचे चाक एका फेरीत सुमारे 1.9 मीटर पुढे जाते, म्हणजे 20 च्या वेगाला ते सेकंदाला जवळजवळ 3 वेळा फिरते. चेन ज्यांवरून फिरते त्या दातेरी चकत्यांपैकी (स्प्रॉकेट) पुढच्या स्प्रॉकेटला 14 आणि मागच्याला 42 दात असतील, तर पुढचे स्प्रॉकेट चाकाच्या एका फेरीत 3 वेळा फिरते, आणि शंभराच्या आसपास कड्या असलेल्या चेनचा पूर्ण वेढा मात्र चाकाच्या सुमारे अडीच फेऱ्यांनी पुरा होतो. रात्री गल्ली शांत झाल्यावर टायरवर खडूने एक खूण करून, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून ढकलत न्यावी आणि मागून कोणाला तरी खुणेकडे पाहायला सांगावे. खूण एकाच ठरावीक जागी येताना दर वेळी ‘कट’ झाले, तर दोष चाकात किंवा ब्रेक ड्रममध्ये आहे, अथवा टायरमध्ये खडा किंवा खिळा रुतलेला आहे. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा झाले, तर तो चेनचा आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात लेथवर काम करतो, त्यामुळे आवाजावरून बेरिंग ओळखण्याची सवय आहे. तरीही माझ्याच गाडीचा आवाज मला आठ दिवस सापडला नव्हता. आईला मागे बसवून जांबोटीकडे निघालो की ‘कर्र-कट’ सुरू होई आणि एकटा असताना जवळजवळ थांबे. स्टँडवर चेन कव्हरचे रबरी बूच काढून पाहिले, तर चेन बोटाने चांगली 25 मिलिमीटर वर-खाली होत होती. शेवटी गाडी स्टँडवरून उतरवून मित्राला मागे बसवले, स्वतः खाली बसून त्याच भोकातून बोट लावले आणि गाडी थोडी थोडी पुढे ढकलत गेलो, तेव्हा एका ठिकाणी चेन तारेसारखी ताणलेली लागली. कव्हर उघडल्यावर तेथे पाठोपाठच्या तीन कड्या सांध्यात आखडलेल्या दिसल्या. पावसाळ्यातील तांबडा चिखल आणि गंज यांनी त्या अशा धरल्या होत्या की हाताने वाकवल्या तरी परत सरळ होत नव्हत्या.

याचे कारण साधे आहे. मेन स्टँडवर मागचे चाक अधांतरी असते आणि ते चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा (स्विंग आर्म) पूर्ण खाली लोंबतो. माणसे बसली की तो वर येतो, आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंग आर्मची पिन व मागचा ॲक्सल एका रेषेत येऊ लागले की दोन्ही स्प्रॉकेटमधील अंतर वाढून चेन ताणली जाते. त्यातच ज्याने चेन ओढली त्याने ती सर्वांत सैल जागा पाहून ओढलेली असेल, तर आखडलेली जागा आल्यावर तिला वावच उरत नाही. मी रॉकेलने चेन धुऊन 90 नंबरचे गिअर ऑइल दिले आणि चाक फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधून, तेथे ढील राहील अशी ती पुन्हा लावून घेतली. आवाज लगेच निम्म्यावर आला, आणि पुढे चेन सेट (चेन व दोन्ही स्प्रॉकेट) बदलल्यावर पूर्ण गेला. अशी ताणलेली चेन तशीच चालवली तर पुढच्या स्प्रॉकेटमागील बेरिंगवर भार येतो, म्हणून दिरंगाई करू नये.

ठेका चाकाचा निघाला, तर स्टँडवर चाक वरून-खालून धरून हलवावे. खेळ जाणवला तर बहुधा बेरिंग गेले आहे. ॲक्सिलरेटर सोडताना किंवा देताना एकदाच ‘टक’ होत असेल, तर मागचे स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये धक्का शोषण्यासाठी बसवलेले कपलिंग रबर पाहावे.

गॅरेजवाला कन्नड बोलणारा असो वा मराठी, त्याला ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नये. ‘क्लच दाबला तरी येतो, चाकाच्या अडीच फेऱ्यांनी एकदा येतो, मागे माणूस असताना वाढतो’ असे सांगावे आणि चेनचा ताण आपण स्वतः गाडीवर बसलेले असताना तपासायला लावावा.