बीच की शहर? टीनएजर मुलं आणि ट्रिपवरून पेटलेलं घर

गणपती विसर्जन झालं की दिवाळीच्या सुट्टीचं प्लॅनिंग सुरू होतं आणि त्याच सुमारास माझ्याकडे ठरलेला मेसेज येतो. "मॅडम, आम्हाला समुद्रावर जायचंय, मुलांना कुठल्यातरी मोठ्या शहरात, रोज वाद होतायत, काय निवडू?" लोकांना वाटतं हे समुपदेशकाला काय विचारायचं, ट्रॅव्हल एजंटला विचारा ना. पण एजंट पॅकेज देतो हो, तोंड फुगवून बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर चार दिवस कसे काढायचे ते कुठे देतो.

यंदाचं एक कुटुंब सांगते. भांडुपचं, मूळ गाव मालवणच्या बाजूचं, मोठी मुलगी नववीत आणि धाकटा सातवीत. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत आणि लिहायला सगळ्यांची परवानगी आहे. बाबांना मालवणजवळची तारकर्ली हवी होती, मुलांना हैदराबाद, आणि आई म्हणत होती कुठेही चला पण एकदाचं ठरवा. मुलांचं म्हणणं "गणपतीला गावी जाऊन आलो की आत्ताच, परत तिकडेच काय", त्यावर बाबा एकदम मालवणीवर आले, "गणपतीत समुद्र बघूक येळ खंय गावता?" आणि खरंच आहे ते. गणपतीत आरत्या, भजनं, पाहुणे आणि वर पाऊस, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे मालवणचा माणूस दरवर्षी गावी जातो आणि समुद्र लांबूनच बघून परत येतो. दोघंही बरोबर होते, वैताग तो तिथेच होता.

मी चौघांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, जागेचं नाव अजिबात लिहायचं नाही, ट्रिपमधला एक दिवस लिहा, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत, कुठल्या वेळेला काय आणि कोणाबरोबर.

बाबांचा कागद गच्च भरलेला, सहाला उठून डॉल्फिन बघायला, मग घावणे, मग स्कूबा, मग किल्ला, संध्याकाळी चुलत्यांकडे, रात्री तिकडेच जेवण. धाकट्याच्या कागदावर पहिलीच ओळ "११ वाजता उठणे". आईने फक्त एक वाक्य लिहिलं होतं, "सकाळचा चहा मला कोणीतरी आणून देईल", खाली अख्खा कागद कोरा. आणि मोठीने बरंच लिहून खोडलं होतं, शिल्लक एवढंच, "४ ते ६ आम्ही दोघं बाहेर. आईबाबा नाही."

कोणाच्याच कागदावर चारमिनार नव्हता. मुलांनी हैदराबाद का धरून ठेवलं होतं ते त्या ४ ते ६ मध्ये होतं, कारण त्यांच्या डोक्यात शहर म्हणजे मेट्रो आहे, मॉल आहे, म्हणजे आपल्याला सुटता येईल, आणि समुद्र म्हणजे एक खोली, एक गाडी आणि चोवीस तास आईबाबा.

मी मुलीशी एकटीशी बोलले. बॅगेची चेन उघड-बंद करत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मागच्या मे महिन्यात बीचवर काकी सगळ्यांसमोर म्हणाली, अगं केवढी सुटलीस, आणि काळवंडलीस पण किती. तेव्हापासून तिला ओल्या कपड्यांत कोणासमोर जायचंच नव्हतं. "आणि मॅम, त्याच तारखांना माझे पिरियड्स येणारेत, बाबा आतापासूनच स्कूबा स्कूबा करतायत, नको म्हटलं की का का का विचारत बसतील."

आता बघा, घरात याचं नाव "हिला काही आवडतच नाही" असं पडलं होतं. या वयात शरीर रोज बदलत असतं, बीच ही एकच जागा अशी की जिथे ते लपवता येत नाही आणि तिथेच नातेवाईकांना तोंड सुटतं. मी तिला विचारलं यातलं घरी काय सांगू आणि काय नको. ती म्हणाली पिरियड्सचं आईला सांगा, काकीचं मी सांगेन. (आणि तिने सांगितलं, बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.) ज्या घरात वयात आलेली मुलगी आहे तिथे तारखा ठरवताना आईने गुपचूप तिला आधी विचारावं, यात लाजण्यासारखं काही नाही, अर्ध्या बीच ट्रिप्स इथेच फसतात असं माझं मत आहे.

दुसरं झोपेचं. पौगंडावस्थेत मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे मुलांना लवकर झोप येतच नाही आणि तेरा ते अठरा या वयात झोप मात्र ८ ते १० तास लागते. हा आळस नाही. पण समुद्रावरच्या सगळ्या भारी गोष्टी नेमक्या सकाळी, डॉल्फिन सकाळी, शांत पाणी सकाळी, दुपारी उन्हात वाळूवर पाय ठेवता येत नाही. शहर या बाबतीत मुलांच्या घड्याळाला जुळतं, म्युझियम दहाच्या सुमाराला उघडतं आणि संध्याकाळी बाजार जागा होतो. म्हणून बाबांना सांगितलं, पहाटेचा कार्यक्रम पूर्ण ट्रिपमध्ये एकच, आणि तो कुठल्या दिवशी ते मुलं ठरवणार.

मग राहिले ते दोन तास. बाबा म्हणाले अनोळखी शहरात मुलांना एकटं कसं सोडू. मी म्हटलं, तुमची मुलगी संध्याकाळी भांडुपहून दादरला क्लासला जाते ना, गर्दीच्या लोकलने, ती हैदराबादच्या मेट्रोत हरवेल? आई हसली, बाबा नाही हसले. पण उलटा मुद्दा मुलांनाही सांगितला, की समुद्र दिसायला मोकळा असला तरी पाण्यात एकटं सोडता येत नाही, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे ओढ फार असते. आणि तारकर्लीसारख्या ठिकाणी होमस्टेच्या बाहेर पडलं की नुसता किनारा आणि माड, बाजारात जायचं तर रिक्षा, म्हणजे परत कोणीतरी मोठं बरोबर.

इथे गाडी पुढे सरकली. प्रश्न बीच की शहर असा राहिलाच नाही, मुलं कुठे पायी हिंडू शकतील असा झाला. मोठीनेच फोनवर नकाशा उघडला आणि म्हणाली मग तारकर्ली कशाला, मालवण गावातच राहूया की. बरोबर होतं तिचं, मालवणात बाजार, जेटी, चिवला बीच सगळं चालत करता येतं. ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांना मी असंच फोर्ट कोची किंवा पुद्दुचेरी सुचवते, दोन्हीकडे समुद्र आहे आणि पायी भटकण्यासारखं जुनं शहरही. कोचीत तर २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झालीये, मुलांना मेट्रो हवी आणि तुम्हाला पाणी, दोन्ही एकाच तिकिटात.

अटी कागदावर लिहिल्या. खोल्या दोन, मुलांची वेगळी, बजेट बसेना म्हणून एक रात्र कमी केली. ४ ते ६ मुलं एकटी, पाण्यात उतरायचं नाही, फोन चालू ठेवायचा, आणि आईने दर वीस मिनिटांनी "कुठे आहात" विचारायचं नाही. स्कूबा ज्याला करायचं त्याने, नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. आणि नातेवाईक, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मालवणात जायचं आणि चुलत्यांना कळवायचं नाही, ही कल्पनाच आईला झेपेना, "जेटीवर कोणी बघितलं तर काय सांगू मी?" शेवटी परतायच्या दिवशी जाताजाता तासभर भेटायचं ठरलं, जेवायला थांबायचं नाही. ते अर्थात पाळलं गेलं नाही, काकीने बांगडे तळून ठेवले होते, पण यावेळी काकी मुलीच्या अंगावरून काही बोलायला लागली तेव्हा बाबांनी तिथल्या तिथे विषय तोडला.

ट्रिप काही स्वप्नवत वगैरे झाली नाही. धाकट्याने पहिले दोन दिवस "हैदराबाद असतं तर" हेच पालुपद लावलं होतं, एकदा फोनवरून मोठं भांडणही झालं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मात्र तो खुश होता, तिथे चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते बघायला परत एकदा होडीने जाऊया म्हणून मागे लागला. मोठी पाण्यात उतरली नाही, बाबांनीही विचारलं नाही. दोघं मुलं रोज चारला बाहेर पडायची आणि सहाच्या आत खाजा घेऊन परत यायची, काय करायची ते अजून कोणाला नीट माहीत नाही. चहा पहिल्या दिवशी बाबांनी आणला, पुढे होमस्टेवाल्या वहिनींनी.

पुढच्या वर्षी मोठी दहावीला, तेव्हा दिवाळीत क्लासवाले सुट्टी देणार नाहीत, सो ट्रिप परीक्षेनंतर एप्रिलमध्ये हैदराबाद असं धाकट्याने आत्ताच लिहून घेतलंय. आईचा परवा फोन होता, म्हणाली एप्रिलमध्ये तिकडे ऊन भाजून काढतं हो, त्याला कोण सांगणार. मी म्हटलं तुम्ही नका सांगू, त्यालाच तापमान बघायला सांगा आणि दिवस लिहायला लावा, आणि हे सगळं तिकिटांच्या आधी उरका, रेल्वेचं रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात.